नाशिकमध्ये दोनाचे आठ

नाशिकला निघाले तेव्हा शेजारच्या वहिनींनी चिवडा आणायला सांगितला, जावेनं गंगाजल आणि धाकट्या भावानं द्राक्षं. भाऊ तासगावात राहतो. त्याच्या गच्चीवरून खाली बघितलं की द्राक्षबागेशिवाय काही दिसत नाही. तरी त्याला नाशिकची द्राक्षं हवी होती, कारण नाशिकची म्हणजे नाशिकची. माणसं विचार करत नाहीत, ऐकलेलं पुन्हा म्हणतात, हे माझं जुनं मत. आणि मी चालले होते तेही नेमकं हेच मोजायला.

मी सांगलीची. तेहतीस वर्षं शाळेत गेली, त्यांतली शेवटची नऊ पर्यवेक्षिका म्हणून. निवृत्त झाल्यावर पुण्याच्या एका संस्थेनं एक चाचणी मराठीत करायला दिली. तिचं नाव ‘संगणकीय विचारकौशल्य चाचणी’. नावाला घाबरू नये, तिच्यात संगणक कुठंच नाही. मोठं काम लहान पायऱ्यांत विभागता येतं का, पायऱ्या क्रमानं लावता येतात का, चूक झाली तर ती कुठल्या पायरीवर झाली हे सापडतं का, एवढंच बघायचं. मुलांना हे शिकवा असा हुकूम वरून आला आहे, तेव्हा शिक्षिका होऊ घातलेल्या मुलींना ते येतं का, हे आधी तपासायचं. संस्थेचे प्रकल्पप्रमुख दातारसर फोनवर म्हणाले, “मॅडम, मराठी तुमची, तर चाचणीही तुम्हीच घेऊन या. तीन अध्यापक विद्यालयं आहेत, चार दिवस लागतील.”

माझ्या मराठीचा मला भारी अभिमान. सरकारी पत्रकातली वाक्यं वाचून मला मळमळतं. म्हणून मी त्या चाचणीचं एकेक वाक्य घासूनपुसून लख्ख केलं होतं. हे आत्ताच सांगून ठेवते.

द्वारका, सोमवार

द्वारका म्हटलं की माणसाच्या डोळ्यांसमोर समुद्र आणि सोन्याचे कळस येतात. नाशिकची द्वारका हा एक चौक आहे. तिथं मुंबईचे ट्रक, धुळ्याच्या एसट्या, पुण्याच्या गाड्या आणि साऱ्या शहराच्या रिक्षा एकमेकांना जन्माचे वैरी असल्यासारख्या भिडतात. कुंभमेळ्यासाठी म्हणून रस्ते खणलेले. मी पलीकडे जायला उभी राहिले आणि बराच वेळ तिथंच उभी राहिले. शेवटी एका भाजीवाल्या मावशींनी माझा दंड धरला, दुसरा हात ट्रकपुढं उगारला आणि मला पलीकडे नेऊन सोडलं. “गाडीकडं बघायचं नाय बाई, गाडी बघती आपल्याकडं,” म्हणाल्या. सांगलीत आम्ही गाडीकडे बघतो आणि जिवंत राहतो.

विद्यालय चौकामागच्या गल्लीत, टायरच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर. जिन्यात रबराचा वास. वर अडतीस मुली, निम्म्याहून जास्त आसपासच्या मुसलमान वस्त्यांतल्या. कुणाचे वडील गॅरेजमध्ये, कुणाचे शिवणकामाच्या दुकानात. प्राचार्या आहेरबाई मऊ स्वभावाच्या, सतत पदर सावरणाऱ्या. वरून आलेल्या प्रत्येक माणसाला त्या ‘होय मॅडम’ म्हणतात हे मला पाच मिनिटांत कळलं, आणि खरं सांगायचं तर आवडलंही.

चाचणी दीड तासाची. मुली पूर्ण वेळ बसल्या. खोडत होत्या, पुटपुटत होत्या, बाकावर बोटं सरकवत होत्या. मी मनात म्हटलं, साधं गणित सुटेना बिचाऱ्यांना.

दुपारी कार्यालयात बसून पेपर तपासायला घेतले. सातवा प्रश्न असा होता: पाच मुली गळ्यात ४, ५, ३, १, २ अशा पाट्या घालून रांगेत उभ्या आहेत, एका वेळी दोघींच्या जागांची अदलाबदल करता येते, १ ते ५ असा क्रम लागायला कमीत कमी किती अदलाबदली कराव्या लागतील? माझ्याजवळच्या उत्तरसूचीत उत्तर होतं आठ. अडतीसपैकी एकतीस जणींनी लिहिलं होतं दोन.

तेहतीस वर्षांच्या नोकरीत मी एक गोष्ट शिकले होते. चुका घरोघरच्या वेगळ्या असतात. चूक एकसारखी दिसली की समजायचं, एकीनं लिहिली आणि बाकीच्यांनी उतरवली. मी वर्गात गेले आणि हेच सांगितलं. आवाज चढवावा लागला नाही. माझा आवाज खालच्या पट्टीतच जास्त लागतो.

मग तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. डोक्यावरून ओढणी, हातावर शाईचा डाग.

“नाव?”

“तरन्नुम. मॅडम, कॉपी नाही केली आम्ही. उत्तर दोनच येतं.”

“एकतीस जणींना एकदम?”

“बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखंच येणार ना, मॅडम?”

काही मुली हसल्या. तेवढं पुरलं मला. “उत्तर आठ आहे,” मी म्हणाले. “छापलेलं आहे. बसा खाली.”

ती बसली नाही. म्हणाली, “फळ्यावर करून दाखवू?”

“फळ्यावर शिक्षक लिहितात. तुम्ही अजून झालेल्या नाही आहात.”

हे वाक्य मला त्या क्षणी फार छान जमल्यासारखं वाटलं होतं. खाली येऊन मी अहवाल लिहिला, ‘सामूहिक नक्कल, एकतीस विद्यार्थिनी’, आणि त्याचा फोटो दातारसरांना पाठवला. आहेरबाई पदर सावरत म्हणाल्या, “होय मॅडम, योग्य ती कारवाई करते.”

संध्याकाळी नदीवर गेले. नाशिकचे लोक गोदावरीला गंगा म्हणतात. ‘गंगेवर जाऊन या’ असं रिक्षावालासुद्धा सांगतो. आमच्या कृष्णेला आम्ही कृष्णाच म्हणतो, तिला कुणा दुसरीचं नाव लावायची गरज आम्हाला पडली नाही. काँक्रीटच्या कुंडात पाणी हिरवं होतं, त्यात निर्माल्य, आणि काठावर प्लास्टिकचे रिकामे डबे गंगाजलासाठी विकायला. जावेसाठी एक भरून घेतला. विचार न करता ऐकलेलं करणाऱ्यांत मीही होते, पण तेव्हा ते जाणवलं नाही.

इंदिरानगर, मंगळवार

दुसरं विद्यालय इंदिरानगरात. चार मजली, काचेच्या दारांचं. दारात रांगोळी, रांगोळीत माझं नाव, आणि नावात एक वेलांटी चुकलेली. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल, श्रीफळ. परीक्षकाचा सत्कार परीक्षेच्या आधी करायची पद्धत आमच्याकडे नाही, पण शाल चांगली होती म्हणून मी गप्प बसले. प्राचार्यांचं भाषण वीस मिनिटं चाललं. त्यात ‘एकविसावं शतक’ इतक्या वेळा आलं की ते संपेपर्यंत बाविसावं लागेल असं वाटलं.

चाचणी मात्र इथं अर्ध्या तासात झाली. ना खाडाखोड, ना पुटपुट. कच्च्या कामासाठी सोडलेली जागा कोरीकरकरीत. सातव्या प्रश्नाला बावन्न मुलींपैकी पन्नास जणींनी आठ लिहिलं होतं.

मी भारावून गेले. समारोपाचे दोन शब्द बोलायला उभी राहिले ती चांगली दहा मिनिटं बोलले. “काल एका ठिकाणी मी फार निराश झाले,” असं नाव न घेता पण सगळ्यांना कळेल अशा बेतानं म्हणाले. “आज कळलं की या जिल्ह्यात मनातल्या मनात गणित सोडवणाऱ्याही मुली आहेत.” टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेतली एक मुलगी टाळ्या न वाजवता माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं बघत होती. मला वाटलं, भारावली असेल.

जेवायला मिसळ. नाशिककर मिसळीबरोबर पापड देतात, दही देतात, वर जिलबीही देतात. मिसळीवर इतका अविश्वास असेल तर करावीच कशाला? शिवाय रस्सा वाढणाऱ्याला हात आवरेना. नव्या शालीवर तर्रीचा हा एवढा डाग पडला. प्राचार्य म्हणाले, “मॅडम, दुसरी मागवतो.” मी नको म्हणाले, पण त्यांनी मागवलीच.

त्र्यंबकचा रस्ता, बुधवार

तिसरं विद्यालय त्र्यंबकेश्वरच्या पुढं, डोंगराच्या अंगाला. त्र्यंबकला सकाळी चहासाठी उतरले, तर गाडीचं दार उघडायच्या आत पूजेची गिऱ्हाइकं शोधणाऱ्या एकानं विचारलं, “ताई, कालसर्प का नारायण नागबळी?”

“चहा,” मी म्हणाले.

“चहा पूजेनंतर घ्या, ताई. पत्रिका आहे का?”

“पत्रिकेत काही नाही.”

“नाही असं कधी होतच नाही,” तो शांतपणे म्हणाला. प्रश्न ऐकायच्या आधी उत्तर तयार ठेवणारा माणूस! त्याच्याकडे बघून मी तुच्छतेनं हसले. आता लिहिताना ते हसू मला नीट आठवतं.

पुढचा रस्ता मात्र सुंदर. ब्रह्मगिरीचे कडे उन्हात तांबूस दिसत होते, खाली भाताची कापून झालेली खाचरं, मधूनच मोहाची झाडं. सुंदर आहे तिथं नावं ठेवायचं सोडते, एवढी मी न्यायी आहे.

विद्यालय पत्र्याच्या छपराचं. मुली पेठ, सुरगाण्याकडच्या पाड्यांतल्या, त्याच आवारातल्या वसतिगृहात राहणाऱ्या. घरचे लोक भातकापणी झाली की मजुरीला बागांवर उतरतात. काही मुली स्वतः दोन-दोन हंगाम द्राक्षं तोडून शिकायला आल्या होत्या. चाचणी झाली. मी ओट्यावर बसून पेपर चाळले. सातवा प्रश्न. दोन. दोन. पुन्हा दोन. पुन्हा.

माझं डोकं फिरलं. द्वारकेच्या मुलींनी फोन करून सांगितलं, दुसरं काय! म्हटलं, आता कागदावर नाही, सगळ्यांदेखत दाखवते. पाच मुलींना अंगणात उभं केलं, पुठ्ठ्याच्या पाट्या दिल्या. चार, पाच, तीन, एक, दोन. हातात उत्तरसूचीबरोबर आलेल्या पायऱ्यांचा कागद घेतला आणि वाचत गेले. पाच आणि तीन बदला. पाच आणि एक. पाच आणि दोन. मग चार आणि तीन. ऊन डोक्यावर आलं होतं, वाऱ्यानं एकीची पाटी उडाली, ती आणायला दोघी धावल्या. पण शेवटी रांग लागली. एक, दोन, तीन, चार, पाच.

“मोजल्यात?” मी विचारलं. “आठ.”

मग मागून एक बुटकीशी मुलगी पुढं आली. तिचं नाव यमुना, पेठच्या बाजूची. “मी करू का, मॅडम?”

“करा.”

तिनं पाचही जणींना पुन्हा पहिल्या जागी उभं केलं. मग चारच्या पाटीवाली आणि एकच्या पाटीवाली अशा दोघींची मनगटं धरून त्यांच्या जागा बदलल्या. मग पाच आणि दोन यांच्या. आणि बाजूला होऊन उभी राहिली.

एक, दोन, तीन, चार, पाच.

“हे चालत नाही,” मी म्हणाले. “शेजारशेजारच्याच बदलायच्या असतात.”

“शेजारच्याच बदलायच्या असं कुठं लिवलंय, मॅडम?”

उद्धटपणा नव्हता तिच्या आवाजात. तिला खरंच ती ओळ बघायची होती, आपली नजरचूक झाली का म्हणून. मी पेपर उघडला. सातवा प्रश्न वाचला. परत वाचला. मग मूळ इंग्रजी कागद पिशवीच्या तळातून काढला. तिथं शब्द होता. ‘शेजारशेजारच्या दोघींच्या’ अशाच अर्थाचा, ठळक, वाक्याच्या मध्यावर.

मला आठवलं तो शब्द मी का गाळला ते. ‘रांगेत उभ्या असलेल्या शेजारशेजारच्या दोघींच्या’ हे मला सरकारी वाटलं होतं. वाक्य लंगडतं, म्हणून मी तो काढला आणि खूश झाले. आणि त्यानंतर तो प्रश्न एकदाही स्वतः सोडवून बघितला नाही. सूचीत आठ होतं ना!

“लिहिलेलं नाही,” मी म्हणाले. “तुझं बरोबर आहे.”

“मग माझं एकटीचं नाय, सगळ्यांचंच बरोबर हाय,” यमुना म्हणाली आणि पाट्या गोळा करायला लागली.

जेवायला नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी होती. चव काय होती ते सांगता येणार नाही. मी चघळत होते आणि डोक्यात भलतंच चाललं होतं. द्वारकेच्या पेपरांवर कच्च्या कामाच्या जागेत बाण काढलेले होते. मी त्यांना गिरगोट्या म्हणाले होते. इथल्या पेपरांवरही तेच बाण. आणि इंदिरानगरचे कागद कोरे. शेजारचा शब्द प्रश्नात नाही, तर आठ कुठून आलं? छापलेल्या प्रश्नातून ते येऊच शकत नव्हतं. एक मुलगी चुकेल, दोघी चुकतील, पन्नास जणी चुकून नेमक्या आठवर येणार नाहीत. आठ फक्त माझ्या पिशवीतल्या सूचीत होतं.

मी अंगणात जाऊन दातारसरांना फोन लावला आणि सरळ विचारलं.

“हो, इंदिरानगरला एक नमुना पाठवला होता मागच्या आठवड्यात,” ते म्हणाले. “मार्गदर्शनासाठी. ते आपलं मुख्य केंद्र आहे ना, मॅडम.”

“नमुना म्हणजे उत्तरसूची?”

“आता तुम्ही शब्दात पकडताय.”

“सर, मी शब्दच पकडते. एक सोडला म्हणून हे झालं.” मग प्रश्नाचं सगळं सांगितलं.

ते एकदम मोकळ्या आवाजात म्हणाले, “सोपं आहे. सातवा प्रश्न रद्द करू. कुणालाच गुण नाहीत. म्हणजे कुणावर अन्याय नाही.”

“इंदिरानगरला बाकीच्या प्रश्नांचीही उत्तरं ठाऊक होती.”

“ते सिद्ध करता येणार नाही, मॅडम. पहिला क्रमांक त्यांचाच राहील. तुम्ही एवढं मनाला लावून घेऊ नका. पुढच्या वेळी दुसरं कुणी पाठवू, तुमची दगदग नको.”

म्हणजे मला काढलं. नऊ वर्षं मी माणसांना असंच गोड बोलून बाजूला सारलं होतं, त्यामुळे पद्धत ओळखीची होती.

पुन्हा द्वारका, गुरुवार

परतीची गाडी सकाळची होती. ती सोडली. या वेळी चौक माझा मी ओलांडला, कसा ते विचारू नका.

आहेरबाई मला बघून दचकल्या. “होय मॅडम, कारवाई झाली,” म्हणाल्या आणि एक फाइल पुढं केली. आत मुलींचे माफीनामे. ‘मी परीक्षेत नक्कल केली, पुन्हा करणार नाही.’ खाली सही, पालकाची सही, आवक क्रमांक. काही पालकांचे अंगठे होते. ‘नक्कल’ हा शब्द त्या बापांना कुणीतरी वाचून दाखवला असणार, आणि मग त्यांनी अंगठा शाईत बुडवला असणार.

“आणि माफीनामा येईपर्यंत मुलींचे शिकवायचे सराव पाठ बंद ठेवले होते,” आहेरबाई म्हणाल्या. “एकीचे अजून बंद आहेत. ती लिहून देत नाही.”

कुणाचे, ते विचारावं लागलं नाही.

मी वर्गात गेले. सोमवारी बोलले होते त्याच जागी उभी राहिले आणि प्रश्न मी चुकीचा लिहिला, उत्तर दोनच आहे, कॉपी कुणी केली नाही, चूक माझी, असं सांगितलं. माझा तो खालच्या पट्टीतला आवाज त्या दिवशी लागला नाही. मुली बघत राहिल्या. कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

“हे माफीनामे फाडून टाका,” मी आहेरबाईंना म्हणाले.

“आवक क्रमांक पडलाय, मॅडम,” त्या अगदी रडवेल्या झाल्या. “फाइलमधला कागद मला फाडता येत नाही. संस्थेचं पत्र आणा.”

संस्थेचं पत्र येणार नाही हे मला माहीत होतं. मी पेन मागितलं आणि पहिल्या बाकावर बसले. प्रत्येक माफीनाम्यावर, मुलीच्या सहीखाली लिहीत गेले: ‘हिनं नक्कल केलेली नाही. तिचं उत्तर बरोबर होतं. चूक परीक्षकाची.’ खाली माझं पूर्ण नाव आणि सही. दहा झाल्यावर बोटं आखडली, अक्षर बिघडलं. मुली एकेक करून भोवती येऊन उभ्या राहिल्या. आपला कागद आला की ती मुलगी वाकून वाचायची आणि बाजूला व्हायची. एकीनं विचारलं, “मॅडम, अब्बांना दाखवायला मोबाइलवर फोटो काढू?” मी मान हलवली. मग सगळ्यांनीच काढले.

शेवटचा कागद झाला. मी मोजले. तीस.

तरन्नुम तिसऱ्या बाकावर आपल्या जागी बसून होती.

“तुझा दे,” मी म्हणाले. मग लक्षात आलं.

“मी दिलाच नाही, मॅडम,” ती म्हणाली.

तिच्या नावाचा कागदच नव्हता, ज्यावर मला सही करता येईल. मी पेनाला टोपण लावलं. ती उठली, माझ्या शेजारून फळ्याशी गेली, खडू उचलला आणि एका ओळीत पाच आकडे लिहिले. मग वर्गाकडे वळून, जणू मी तिथं नाहीच अशी, तिनं आपला थांबलेला पाठ सुरू केला.